एंटालीची शाळा आणि तिची एक विद्यार्थिनी

‘कॉन्व्हेंट’ हा शब्द आपल्या घरांतून उच्चारला जातो तो बहुधा प्रवेशाच्या दिवसांत. केंद्र सरकारच्या नोकरीत दर तीन-चार वर्षांनी बिऱ्हाड हलविणाऱ्या आमच्यासारख्यांना तर या शाळांचा मोठाच आधार वाटत आला आहे. गाव बदलते, शेजार बदलतो. मुलींची शाळा मात्र पुष्कळशी पहिल्यासारखीच भेटते. तिच्याकडून आपण इंग्रजीची, शिस्तीची आणि गुणांची अपेक्षा करतो. तिच्या इतिहासाकडे सहसा आपले लक्ष जात नाही. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने कलकत्त्यातील अशा एका शाळेची, आणि तिच्या एका विद्यार्थिनीची हकीकत वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

आयर्लंडमधील लोरेटो संघाच्या जोगिणी कलकत्त्याच्या बंदरात उतरल्या त्या ३० डिसेंबर १८४१ रोजी. पुढच्याच महिन्यात मिडलटन रो येथे त्यांची पहिली शाळा सुरू झाली. पुण्यात फुले दांपत्याची मुलींची शाळा निघण्यास तेव्हा सहा वर्षांचा अवकाश होता. या शाळांत प्रारंभी प्रामुख्याने युरोपियन व अँग्लो-इंडियन मुलीच शिकत. परंतु शहराच्या पूर्वेस एंटाली येथे लोरेटोचे जे विस्तीर्ण आवार होते, त्यात इंग्रजी शाळेच्या जोडीला सेंट मेरीज नावाची एक शाळा होती, आणि तिचे माध्यम होते बंगाली! कॉन्व्हेंट म्हणजे मातृभाषेला रजा, असे समजणाऱ्या आपल्यापैकी अनेकांस ही गोष्ट नवलाची वाटेल. आम्हांसही ती प्रथम तशीच वाटली.

या शाळेत भूगोल आणि इतिहास शिकविणाऱ्या एक बाई स्कोप्येहून आलेल्या होत्या. ६ जानेवारी १९२९ रोजी त्या कलकत्त्यात पोहोचल्या, दार्जिलिंगला त्यांची उमेदवारी झाली आणि पुढे एंटालीत त्या अशा रमल्या, की संघातील इतर जणी त्यांना ‘बंगाली तेरेसा’ म्हणूनच ओळखू लागल्या. १९४४ मध्ये त्या शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या. पुढे जगाने ज्यांना मदर तेरेसा म्हणून ओळखले त्या याच. त्यांचे चरित्र सर्वपरिचित आहे. आमचे लक्ष आहे ते त्यांच्यासमोर बाकांवर बसणाऱ्या मुलींकडे.

एंटालीच्या आवाराला उंच भिंत होती. आत बाग, वर्ग, वसतिगृह. आणि भिंतीला लागून पलीकडे मोतीझील नावाची वस्ती. नाव मोत्याच्या तळ्याचे, पण पाणी गढूळ आणि भोवती दाटीवाटीच्या झोपड्या. फादर ज्युलियन हेन्री या बेल्जियन जेझुइटांच्या मार्गदर्शनाखाली सेंट मेरीजमध्ये मुलींचे एक सेवामंडळ चाले. शनिवारी त्यातील काही मुली रुग्णालयात (तेव्हाचे कॅम्बेल, नंतरचे नीलरतन सरकार) रुग्णांना भेटण्यास जात, तर काही या वस्तीत. हा तपशील किरकोळ वाटेल, पण पुढचे सारे समजून घेण्यास आम्हांस तोच महत्त्वाचा वाटतो. आठवड्याचे पाच दिवस वर्गात जे शिकविले, त्याची उजळणी या मुली सहाव्या दिवशी भिंतीपलीकडे करीत होत्या.

मग १९४३ चा दुष्काळ आला आणि १६ ऑगस्ट १९४६ ची भयंकर दंगल आली. वसतिगृहात सुमारे तीनशे मुली आणि घरात धान्याचा दाणा नाही, अशा स्थितीत मुख्याध्यापिका एकट्या रस्त्यावर निघाल्या. सैनिकांनी त्यांना अडविले आणि लॉरीतून तांदूळ घेऊन परत शाळेत पोहोचविले. आपली बाई कोणत्या रस्त्यांवरून परतली हे त्या मुलींना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

१७ ऑगस्ट १९४८ रोजी तेरेसांनी संघाचे घर सोडले. पाटण्यास शुश्रूषेचे शिक्षण घेऊन त्या डिसेंबरात परतल्या आणि त्याच मोतीझील वस्तीत, मातीत काठीने अक्षरे काढीत त्यांनी शाळा मांडली. वह्या नाहीत, फळा नाही. बक्षीस म्हणून साबणाची वडी. फेब्रुवारी १९४९ मध्ये क्रीक लेनमधील एका ख्रिस्ती कुटुंबाने घराचा वरचा मजला त्यांना राहण्यास दिला. आणि १९ मार्च रोजी त्या घरी एक मुलगी येऊन उभी राहिली. ती होती सुभाषिणी दास, सेंट मेरीजची विद्यार्थिनी.

ती राहण्यासाठीच आली होती. संस्थेला तेव्हा नाव नव्हते, रोमची मान्यता नव्हती, महिन्याच्या खर्चाची तरतूद नव्हती. सरकारी नोकरीतील कोणताही बाप अशा ठिकाणी आपल्या मुलीला क्षणभर ठेवणार नाही. आम्हीही ठेवले नसते, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. सुभाषिणीने नवे नाव घेतले अॅग्नेस. हे तेरेसांचे स्वतःचे जन्मनाव. थोड्याच दिवसांनी मॅग्डालेन गोम्स आली, ती सिस्टर गर्ट्रूड झाली. पहिल्या दहा जणींपैकी बहुतेक सेंट मेरीजच्याच मुली होत्या.

यांनी शाळा सोडली की शाळा पुढे नेली? आमचे मत दुसऱ्या बाजूचे आहे. शाळेवरील निष्ठा म्हणजे इमारतीवरील निष्ठा नव्हे. शनिवारी दोन तासांसाठी ओलांडायची भिंत या मुलींनी कायमची ओलांडली, एवढेच. शिवाय बाईंनी त्यांना अभ्यासातून सुटका दिली नाही. ज्यांच्या परीक्षा राहिल्या होत्या त्यांना त्या देण्यास लावले, स्वतः शिकविले. गर्ट्रूड तर पुढे वैद्यक शिकून डॉक्टर झाल्या. आपल्याकडे हिंगण्याच्या आश्रमात शिकून त्याच आश्रमासाठी झोळी घेऊन थेट अमेरिकेपर्यंत गेलेल्या पार्वतीबाई आठवले यांची येथे आठवण होते. पार्वतीबाईंचे आत्मचरित्र तरी आहे. अॅग्नेस यांच्याविषयी छापील ओळी फारच थोड्या.

मदर तेरेसांच्या कार्यावर पुढे टीकाही पुष्कळ झाली. औषधोपचाराच्या व्यवस्थेविषयी झाली, धर्मांतराविषयी झाली. तो वाद स्वतंत्र लेखाचा विषय आहे. १९५० च्या ७ ऑक्टोबरला मान्यता मिळाली, १९५३ मध्ये संस्था लोअर सर्क्युलर रोडवरील मोठ्या घरात गेली, १९७९ मध्ये नोबेल पारितोषिक आले. या साऱ्या काळात सिस्टर अॅग्नेस मदरच्या निकटच्या सहकारी म्हणून वावरल्या, छायाचित्रांच्या कडेला. एप्रिल १९९७ मध्ये त्यांचे निधन झाले. क्रीक लेनच्या त्या जिन्यावरून पहिल्यांदा वर गेल्याला तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षे झाली होती. त्यांच्या बाई त्याच वर्षी ५ सप्टेंबरला गेल्या.