हृदयझडप प्रत्यारोपण शस्त्रक्रियेची पूर्वतयारी

हृदयझडप प्रत्यारोपण शस्त्रक्रियेची पूर्वतयारी म्हणजे हृदयातील निकामी झालेली झडप काढून तिच्या जागी कृत्रिम झडप बसवण्यापूर्वी करावयाच्या वैद्यकीय, आर्थिक व कौटुंबिक व्यवस्थेचा समुच्चय होय. ग्रामीण महाराष्ट्रात ही शस्त्रक्रिया बहुधा घरापासून दूरच्या शहरात होते. त्यामुळे तपासण्यांबरोबरच प्रवास, निवास, कागदपत्रे आणि गावी परतल्यानंतरचे उपचार यांचाही पूर्वतयारीत समावेश होतो.

पार्श्वभूमी

मानवी हृदयात द्विदल, त्रिदल, महाधमनी आणि फुफ्फुसधमनी अशा चार झडपा असतात. रक्त एकाच दिशेने वाहते ठेवणे हे त्यांचे कार्य होय. झडप अरुंद झाल्यास किंवा नीट मिटेनाशी झाल्यास हृदयावर ताण येतो. परिणामी धाप लागणे, पायांवर सूज येणे, छातीत धडधडणे, चक्कर येणे अशी लक्षणे दिसतात.

भारतात तरुण वयातील झडपविकाराचे एक प्रमुख कारण संधिवाती ताप हे आहे. बालपणी स्ट्रेप्टोकोकस जीवाणूंमुळे होणाऱ्या घशाच्या संसर्गावर वेळेवर उपचार न झाल्यास हा ताप उद्भवू शकतो आणि पुढे झडपा, विशेषतः द्विदल झडप, कायमची बाधित होते. वृद्धांमध्ये महाधमनी झडपेवर कॅल्शियम साचून ती कडक होणे हे कारण अधिक आढळते.

झडपेची निवड

१९६० साली अमेरिकेत आल्बर्ट स्टार यांनी द्विदल झडपेच्या जागी चेंडूच्या रचनेची कृत्रिम झडप यशस्वीपणे बसवली. भारतात तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली स्वदेशी 'चित्रा' झडप विकसित झाली. डिसेंबर १९९० मध्ये ती प्रथम रुग्णास बसवण्यात आली.

कृत्रिम झडपांचे दोन मुख्य प्रकार आहेत. यांत्रिक झडप दीर्घकाळ टिकते, परंतु तिच्यावर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून वॉरफॅरिन किंवा ॲसिनोकुमॅरॉल यांसारखे गोठणरोधक औषध आयुष्यभर घ्यावे लागते. गाय किंवा डुकराच्या ऊतींपासून बनवलेल्या जैविक झडपेस असे औषध बहुधा काही महिनेच लागते. मात्र ती साधारणपणे १० ते १५ वर्षांत झिजते व पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. तरुण रुग्णांत ती अधिक लवकर झिजते.

ही निवड केवळ वयावर अवलंबून नसते. नियमित रक्ततपासणी शक्य आहे काय, कामात जखमा होण्याचा संभव किती, भविष्यात गर्भधारणेचा विचार आहे काय, हे प्रश्नही महत्त्वाचे ठरतात. वॉरफॅरिन गर्भास अपायकारक ठरू शकते, म्हणून तरुण स्त्रियांनी झडपेच्या निवडीपूर्वीच याविषयी शल्यविशारदाशी चर्चा करणे आवश्यक असते.

वैद्यकीय पूर्वतयारी

इकोकार्डिओग्राफी, ईसीजी, छातीचा एक्स-रे, रक्तगट, रक्तातील साखर तसेच मूत्रपिंड व यकृताच्या तपासण्या नेहमीच्या असतात. वय व जोखीम पाहून हृदयाच्या रक्तवाहिन्यांची अँजिओग्राफीही केली जाते.

दातांच्या तपासणीस विशेष महत्त्व आहे. किडलेले दात किंवा पू झालेल्या हिरड्यांमधील जीवाणू रक्तात मिसळून नव्या झडपेवर संसर्ग करू शकतात व हा संसर्ग प्राणघातक ठरू शकतो. म्हणून दात काढणे वा भरणे शस्त्रक्रियेपूर्वीच पूर्ण केले जाते. त्वचेवरील जखमा आणि लघवीचा संसर्गही आधी बरा केला जातो.

रक्त पातळ करणारी व मधुमेहाची काही औषधे शस्त्रक्रियेच्या काही दिवस आधी थांबवावी लागतात. त्यांचा दिनक्रम डॉक्टर ठरवतात. रुग्णाने ती परस्पर बंद केल्यास पक्षाघाताचा धोका संभवतो. विडी-सिगारेट किमान चार आठवडे आधी सोडल्यास फुफ्फुसांच्या गुंतागुंती कमी होतात. तंबाखू, गुटखा व मिश्री यांचाही त्याग करण्यास सांगितले जाते. दीर्घ श्वसनाचे व्यायाम आधीच शिकवले जातात.

बाहेरगावच्या रुग्णांची तयारी

बीड जिल्ह्यात अंबाजोगाई येथे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे. तथापि माजलगाव तालुक्यातील दिंद्रुडसारख्या गावांतील रुग्णांना खुल्या हृदयशस्त्रक्रियेसाठी बहुधा छत्रपती संभाजीनगर, पुणे किंवा मुंबई येथे जावे लागते.

पात्र कुटुंबांना महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आधार मिळतो. ही योजना २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ मध्ये राज्यभर लागू झाली आणि २०१७ मध्ये तिला सध्याचे नाव मिळाले. विस्तारित स्वरूपात तिचे संरक्षण प्रतिवर्षी प्रतिकुटुंब ५ लाख रुपयांपर्यंत आहे. शस्त्रक्रियेपूर्वी मंजुरी घ्यावी लागते. त्यासाठी शिधापत्रिका, ओळखपत्र व तपासणी अहवाल लागतात. अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्र या प्रक्रियेत साहाय्य करतात. शिधापत्रिकेवरील आणि आधार कार्डावरील नावात तफावत असल्यास ती निघण्यापूर्वीच दुरुस्त करून घेणे हितावह ठरते.

रुग्णालयातील वास्तव्य गुंतागुंत नसल्यास साधारण एक आठवडा असते, परंतु पहिल्या फेरतपासणीपर्यंत शहरातच राहण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. त्यामुळे सोबतच्या नातेवाइकांचा निवास व जेवण यांचा खर्च वेगळा धरावा लागतो. रुग्णांच्या नातलगांची ही अडचण ओळखून संत गाडगे महाराजांनी मुंबईत त्यांच्यासाठी धर्मशाळा उभारली होती. काही रुग्णालये नातेवाइकांना रक्तदानाचीही विनंती करतात.

गावी परतल्यानंतर

छातीचे मधले हाड जुळण्यास सहा ते बारा आठवडे लागतात. या काळात पाण्याची घागर, चाऱ्याचा भारा किंवा धान्याचे पोते उचलणे आणि दुचाकी चालवणे वर्ज्य असते. म्हणून शेती व जनावरांची कामे कोण सांभाळणार, हे आधीच ठरवावे लागते.

यांत्रिक झडप असलेल्यांना आयएनआर ही रक्ततपासणी नियमित करावी लागते. महाधमनी झडपेसाठी हे मान सामान्यतः २.५ च्या आसपास व द्विदल झडपेसाठी ३ च्या आसपास ठेवले जाते. मान फार घटल्यास झडपेवर गुठळी होते, फार वाढल्यास रक्तस्राव होतो. मेथी, पालक, शेपू यांसारख्या पालेभाज्या वर्ज्य नसतात, मात्र त्यांचे प्रमाण एकसारखे ठेवावे लागते. वेदनाशामक गोळ्या व अज्ञात घटकांची चूर्णे डॉक्टरांना विचारल्याविना घेणे धोक्याचे असते.

बीड जिल्ह्यातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकात जातात आणि सुमारे सहा महिन्यांनी परततात. अशा रुग्णांची तपासणी नेमकी याच काळात खंडित होण्याचा संभव असतो. शिवाय कोयत्याने होणारी जखम त्यांच्या बाबतीत गंभीर ठरू शकते. त्यामुळे झडपेचा प्रकार ठरवतानाच स्थलांतराची माहिती डॉक्टरांना देणे, कारखान्याजवळील प्रयोगशाळेचा शोध घेणे आणि झडपेचे कार्ड व औषधांची चिठ्ठी सतत जवळ बाळगणे आवश्यक ठरते.

संधिवाती तापामुळे झडप बदललेल्या रुग्णांची दर तीन ते चार आठवड्यांनी घ्यावयाची पेनिसिलिनची इंजेक्शने शस्त्रक्रियेनंतरही डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू राहतात, कारण नवी झडप बसवल्याने मूळ आजार पुन्हा उद्भवण्याची शक्यता संपत नाही.

ताप, वाढती धाप, बोलण्यात अडखळणे, अंगाची एक बाजू लुळी पडणे, न थांबणारा रक्तस्राव किंवा यांत्रिक झडपेचा नेहमीचा टिकटिक आवाज मंदावणे ही तातडीची लक्षणे होत. अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवता येते.

हेही पहा

हृदय
संधिवाती ताप
वॉरफॅरिन
महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना
ऊसतोड कामगार