आपली गाडी, परका फलाट

माझं घर लातूरचं, आजोळ नांदेडचं. त्यामुळे रेल्वे रिझर्व्हेशनची खिडकी हा आमच्याकडे जिव्हाळ्याचा विषय! वडील सकाळी आठच्या आधी रांगेत उभे. काचेपलीकडचे साहेब कीबोर्ड बडवायचे आणि "वेटिंग बावन्न आहे, देऊ का?" या एका वाक्यावर आमची सुट्टी ठरायची.

पुढे स्वतः सर्व्हरच्या धंद्यात पडलो तेव्हा कळलं, की साहेबांसमोरचा पडदा निव्वळ निरोप्या होता. खरं मशीन लांब कुठेतरी. नांदेड दक्षिण मध्य रेल्वेत, म्हणून त्याचं मशीन सिकंदराबादला. लातूर मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात, म्हणून मुंबईला. शेजारशेजारचे जिल्हे, पण जागा मागायची दोन वेगळ्या कॉम्प्युटरांकडे! अशी देशभरात पाच केंद्रं. ती 1999 साली एकमेकांना जोडली गेली.

मंडळी, आज या मशीनबद्दल लिहायचंय. बनवणाऱ्यांनी त्याच्यावरून एकदा नव्हे, अनेकदा हात काढून घेतला. खिडकी मात्र चालू राहिली.

सुरुवात जरा मागून करू. 1978 मध्ये आयबीएमने भारतातून गाशा गुंडाळला. त्यांची मशीनं मात्र ठिकठिकाणी चालूच होती. ती सांभाळायचं काम सीएमसी या सरकारी कंपनीने अंगावर घेतलं. नावच मुळी कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन! म्हणजे 'व्हेंडर पळाला, आता काय?' हा प्रश्न आपल्याकडे तेव्हापासूनचा. याच सीएमसीने 1985 ला दिल्लीत रेल्वेचं पहिलं कॉम्प्युटर रिझर्व्हेशन उभं केलं. मशीन डेक कंपनीचं व्हॅक्स, ऑपरेटिंग सिस्टीम व्हीएमएस. मग रेल्वेच्या स्वतःच्या 'क्रिस' या संस्थेने 'कॉन्सर्ट' नावाची नवी प्रणाली लिहिली आणि 1994 ला ती सर्वांत आधी सिकंदराबादला बसवली. नांदेडकरांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही :)

इथून पुढची गोष्ट म्हणजे घरमालक बदलत राहिलेल्या वाड्याची. व्हॅक्सच्या जागी डेकने अल्फा चिप आणली. 1998 ला कॉम्पॅकने डेकच विकत घेतली आणि जून 2001 मध्ये जाहीर केलं, की अल्फा बंद, सगळ्यांनी इंटेलच्या इटॅनियमवर चला. 2002 ला कॉम्पॅक एचपीच्या पोटात गेली. 2005 मध्ये व्हीएमएस इटॅनियमवर आली, आणि 2010 पासून आपलं रिझर्व्हेशनही इटॅनियमवर.

आणि मुहूर्त बघा! डिसेंबर 2009 मध्ये रेड हॅटने इटॅनियम सोडायचं ठरवलं, एप्रिल 2010 मध्ये मायक्रोसॉफ्टने, मार्च 2011 मध्ये ओरॅकलने. एचपीने ओरॅकलला कोर्टात खेचलं आणि ती जिंकलीही. पण सॉफ्टवेअर बनवत राहा असं कोर्ट सांगू शकतं, मशीन विकत घ्या असं गिऱ्हाइकाला कोण सांगणार? शेवटी जून 2013 मध्ये खुद्द एचपीनेच सांगितलं, की इटॅनियमच्या नव्या सर्व्हरवर व्हीएमएस देणार नाही.

मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या एका क्लायंटकडे असंच एक अनाथ मशीन होतं. आम्ही काय केलं? जुन्या बाजारातून त्याच मॉडेलची दोन मशीनं उचलली आणि लागेल तसे त्यांचे पार्ट काढून वापरले. एसटीच्या डेपोत करतात तसं. सोर्स कोड क्लायंटकडे नव्हता, तो लिहिणारी कंपनी बंद पडली होती. रात्री डिस्क गेली की पोटात गोळा यायचा.

रेल्वेचं वेगळं होतं ते इथेच. कॉन्सर्टचा कोड क्रिसच्या हातात होता आणि चिप बदलली तरी व्हीएमएस तीच होती. कोड नव्या चिपसाठी पुन्हा कंपाईल करायचा, तपासायचा, रात्रीच्या बंद वेळेत सांधा बदलायचा. ऐकायला सोपं वाटतं, पण हे काम करणाऱ्यांना माझा दंडवत. व्हीएमएसलाही 2014 मध्ये वाली मिळाला. व्हीएसआय नावाच्या छोट्या अमेरिकन कंपनीने ती एचपीकडून घेतली आणि 2022 ला साध्या एक्स86 मशीनवर आणली. तोवर, जुलै 2021 मध्ये, इंटेलने शेवटचे इटॅनियम रवाना केले होते.

पण माझं मत विचाराल तर याच सोयीने थोडा घातही केला. दर वेळी बिऱ्हाड उचलून पुढे नेता येत होतं, म्हणून घर नव्याने बांधायचं राहून गेलं. 2025 मध्ये रेल्वेमंत्र्यांनी संसदेत सांगितलं, की रिझर्व्हेशन इटॅनियम आणि ओपनव्हीएमएसवर चालतं, मिनिटाला सुमारे 25,000 तिकिटं देतं, आणि चौपट क्षमतेची नवी, क्लाउडला साजेशी प्रणाली आणायची आहे.

वडील आता रांगेत उभे राहत नाहीत, मोबाईलवर तिकीट काढतात. अॅप नवं असलं तरी जागा आहे की नाही हे सांगतं तेच मागचं मशीन, हे मी त्यांना दिवाळीत समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि चष्मा वर करून फोन माझ्यापुढे धरला. तपोवन एक्स्प्रेस, वेटिंग 52.