परत येणाऱ्याची जागा

मागच्या व्याख्यानानंतर दहिसर स्टेशनकडे चालत जाताना एका श्रोत्याने मला गाठलं आणि विचारलं, "सर, निवृत्त झालेले मोठे खेळाडू पुन्हा मैदानात उतरतात, ते बरोबर की चूक?" माझी लोकल आली म्हणून उत्तर अर्धवट राहिलं. ते आज पुरं करतो.

आपल्या मुंबईत या प्रश्नाचं एक ठरलेलं उत्तर आहे. ते विजय मर्चंट यांच्या नावावर सांगितलं जातं: "अजून का थांबत नाही" असं लोकांनी म्हणण्याआधी, "इतक्यात का थांबलात" असं ते विचारत असतानाच थांबावं. मर्चंट तसेच थांबले. नोव्हेंबर १९५१ मध्ये दिल्लीला इंग्लंडविरुद्ध त्यांनी १५४ धावा केल्या. कसोटीतली ती त्यांची सर्वोच्च खेळी, आणि शेवटचीही. पण त्याच सामन्यात क्षेत्ररक्षण करताना त्यांचा खांदा दुखावला होता, हे आपण सांगायचं विसरतो. म्हणजे त्या थांबण्यात शहाणपण होतं, तसाच नाइलाजही होता. पुढे सुनील गावस्कर यांनी १९८७ साली हाच धडा गिरवला. ऑगस्टमध्ये लॉर्ड्सवर १८८, नोव्हेंबरमध्ये विश्वचषकाची उपांत्य फेरी वानखेडेवर, आणि मग बॅट खाली. ते परत आले नाहीत.

आता याच शहराचं दुसरं उदाहरण घ्या. संदीप पाटील, शिवाजी पार्कचा माणूस. जानेवारी १९८१ मध्ये सिडनीला चेंडू डोक्यावर बसला, आणि पुढच्याच कसोटीत ॲडलेडला त्यांनी १७४ धावा ठोकल्या. १९८३ च्या विश्वचषकात इंग्लंडविरुद्धच्या उपांत्य सामन्यात नाबाद ५१. सप्टेंबर १९८६ मध्ये, तिशीत, त्यांनी प्रथम श्रेणी क्रिकेटमधून निवृत्ती जाहीर केली. आणि दोन वर्षांनी ते परतले. पण मुंबईच्या संघात नाही, भारताच्या संघात तर नाहीच. १९८८ ते १९९३ या काळात ते मध्य प्रदेशचे कर्णधार होते.

यातला फरक लक्षात घ्या. मुंबईने तोवर रणजी करंडक कितीतरी वेळा घरी आणला होता. मध्य प्रदेश या नावाने तो एकदाही जिंकला गेला नव्हता. इंदूरच्या होळकर संघाचे दिवस कधीच सरले होते. पाटील परतले ते जिथून गेले होते तिथे नाही, तर जिथे त्यांची गरज होती तिथे.

अशाच गरजेपोटी बॉब सिम्पसन परतले होते. कसोटी सोडून त्यांना दहा वर्षं झाली होती. १९७७ मध्ये केरी पॅकरने ऑस्ट्रेलियाचे बहुतेक मोठे खेळाडू पळवले, आणि बेदींचा भारतीय संघ तर दाराशी उभा. एक्केचाळिसाव्या वर्षी सिम्पसन कर्णधार झाले, दोन शतकांसह ५३९ धावा केल्या, मालिका ३-२ जिंकली. जागा रिकामी होती, ती त्यांनी भरली.

याच्या उलट टेनिसपटू ब्यॉर्न बोर्ग. १९९१ मध्ये मोंटे कार्लोला तो परतला, तेव्हा हातात लाकडी रॅकेट होती. बाकीचे केव्हाच नव्या, हलक्या रॅकेटने खेळत होते. पहिल्याच सामन्यात सरळ दोन सेटमध्ये हरला. त्याला खेळायचं होतं खरं, पण त्याला आपला गेलेला काळही परत हवा होता, असं मला वाटतं.

आपल्याकडे 'निवृत्ती' हा शब्द मुळात क्रीडा पानावरचा नाही. प्रवृत्ती आणि निवृत्ती ही तत्त्वज्ञानातली जुनी जोडी. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात 'गीतारहस्य' लिहिलं ते याच वादावर, आणि गीतेचा कौल त्यांनी कर्मयोगाच्या बाजूने लावला. म्हणजे काम सोडायचं नसतं, सोडायची असते ती फळावरची मालकी. मग परतणाऱ्या खेळाडूला विचारायचा प्रश्न वयाचा राहत नाही. तू काम करायला आलास की मालकी सांगायला, हा प्रश्न उरतो.

इथवर सगळं नीट बसतं. पण आता माझी गोष्ट सांगतो, म्हणजे ते इतकं सोपं नाही हे कळेल.

निवृत्तीनंतर तीन वर्षांनी एका महाविद्यालयाने मला तासिका तत्त्वावर शिकवायला बोलावलं. मी खुशीत गेलो. गरज आहे म्हणून बोलावलंय, अशी माझी समजूत. महिन्याभराने स्टाफरूममध्ये एक तरुण प्राध्यापिका म्हणाली, "सर, तुम्ही आलात, मुलांना फायदा झाला. माझे मात्र आठवड्याचे चार तास गेले." तिच्या आवाजात राग नव्हता. तिचं घर त्या तासांवर चालत होतं, आणि मी पेन्शनर. जागा रिकामी आहे का, हे मी विचारलंच नव्हतं. सत्र संपल्यावर मी थांबलो. तिला तास परत मिळाले की नाही, हे विचारायचा धीर मला आजतागायत झालेला नाही.

म्हणून पाटलांबद्दलही मी निकाल देत नाही. त्या हंगामांत त्यांच्यामुळे इंदूर-भोपाळचा कोण पोरगा बाहेर बसला, हे धावफलकात लिहिलेलं नसतं. आणि त्यांच्या शेजारी उभं राहून कोण काय शिकला, हेही नसतं. जून २०२२ मध्ये मध्य प्रदेशने रणजी करंडक जिंकला, तो मुंबईला हरवून, आणि प्रशिक्षक होते मुंबईचेच चंद्रकांत पंडित. पंडितांनी बॅट हातात न घेता ते करून दाखवलं. अनुभव परत आला, आणि अकराची अकरा जागा पोरांकडेच राहिल्या.

त्या श्रोत्याला माझं उत्तर एवढंच: परत यावं, पण येण्याआधी त्या जागेवर कोण बसलंय ते बघावं. इथे बसलेल्या निवृत्त मंडळींनाही तेच सांगतो, आणि त्यात मीही आलो.