बसंती, केसरी, हलुद : बजबजच्या निमित्ताने पिवळ्या रंगाचा वाङ्मयीन विचार

हुगळीच्या काठावरील बजबज हे दोन आगमनांमुळे इतिहासात नोंदले गेले आहे. फेब्रुवारी 1897 मध्ये पाश्चात्त्य देशांचा दौरा आटोपून परतलेले स्वामी विवेकानंद येथेच उतरले. 29 सप्टेंबर 1914 रोजी, कॅनडाने व्हँकुव्हरच्या बंदरातून परत धाडलेले ‘कोमागाता मारू’ जहाज येथे लागले. त्यातील प्रवासी बहुतांशी पंजाबी शीख होते. सरकारने त्यांना थेट पंजाबला रवाना करण्याचा घाट घातला. प्रवाशांनी तो मानला नाही. त्यातून उद्भवलेल्या गोळीबारात सुमारे वीस प्रवासी मृत्युमुखी पडले. 1952 मध्ये तेथे हुतात्मा स्मारक उभे राहिले. पहिल्या आगमनाचा रंग गेरुआ, विरक्तीचा. दुसऱ्याशी पुढे जोडला गेला तो बसंती, बलिदानाचा.

बंगालीला मात्र ‘बसंती’ निराळ्या अर्थाने परिचित आहे. सरस्वतीपूजेच्या दिवशी मुली नेसतात त्या साडीचा आणि शांतिनिकेतनातील वसंतोत्सवाचा तो रंग. बंगालीत पिवळ्या रंगाचे सामान्य नाव ‘हलुद’, म्हणजे प्रत्यक्ष हळदच. मराठीने ही फारकत राखली : ‘पिवळा’ हा शब्द ‘पीत’कडून आला, ‘हळद’ ‘हरिद्रे’कडून. त्यामुळे मराठीत पीतांबर आणि भंडारा यांची भावविश्वे जवळची असूनही शब्द वेगळे राहिले. ‘केसरी’ या शब्दाची स्थिती याहून गुंतागुंतीची आहे. 1881 मध्ये निघालेल्या पत्राच्या नावात तो सिंहाचा वाचक आहे. रंगवाचक अर्थ त्याला चिकटून येतो, इतकेच.

पंजाबी परंपरेत हा भेद केवळ शब्दांचा नाही. 1945 मध्ये मान्यता मिळालेल्या शीख रहित मर्यादेत निशाणसाहिबाचे वस्त्र बसंती किंवा सुरमई असावे, असे सांगितले आहे. व्यवहारात केसरी रूढ झाल्याने 2024 मध्ये शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीला मूळ निर्देशाचे स्मरण द्यावे लागले.

येथे एक सावधगिरी आवश्यक ठरते. बसंती चोल्याचे गीत काकोरी खटल्याच्या आणि भगतसिंगांच्या स्मृतीशी निगडित झाले. म्हणजेच बलिदानाच्या रंगाचा हा संकेत लोकमानसात दृढ झाला तो बजबजच्या गोळीबारानंतर. स्वतः भगतसिंगांच्या 1929 च्या सुपरिचित छायाचित्रात डोक्यावर फेल्ट हॅट आहे. पिवळी पगडी नंतरच्या चित्रांनी दिली. 1914 च्या मृतांकडे बसंती रंगातून पाहणे हे म्हणून उत्तरकालीन वाचन होय. त्याने त्यांना राष्ट्रीय प्रतीकांत स्थान मिळाले. परंतु कामधंद्यासाठी समुद्र ओलांडणारी, साम्राज्याच्या प्रजेचा हक्क मागणारी माणसे त्या रंगाखाली काहीशी झाकलीही गेली.

प्रतीकाचा हा भार उतरवण्याचे प्रयत्न साहित्यात आढळतात. हुमायून अहमद यांच्या ‘मयूराक्षी’पासून (1990) अवतरलेला हिमू पिवळा पंजाबी घालून अनवाणी भटकतो, संन्याशाच्या वस्त्राची ती सौम्य थट्टा आहे. अरुण कोलटकरांच्या ‘जेजुरी’त (1976) भंडाऱ्याच्या गावी एक पिवळे फुलपाखरू येते आणि प्रत्येक दगडामागे दंतकथा असलेल्या त्या परिसरात ते मात्र कुठलीच कथा सांगत नाही. बजबजच्या संदर्भात या दोन कृती उपयोगी पडतात त्या याचसाठी : रंगाला अर्थ कोणी, केव्हा दिला हे विचारल्याखेरीज त्या रंगाखालची माणसे दिसत नाहीत.