किडनीचा कॅन्सर: एका मूत्रपिंडापासून एका जनुकापर्यंत

एका मूत्रपिंडावर माणूस जगू शकतो का? आज किडनी दान केलेली माणसं वर्षानुवर्षं ठणठणीत जगतात, त्यामुळे हा प्रश्न आपल्याला पडतही नाही. १८६९ साली मात्र याचं खात्रीचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. जर्मनीत हायडेलबर्गला गुस्ताव सिमोन या सर्जनकडे एक बाई आली. आधीच्या ऑपरेशनमध्ये तिच्या मूत्रवाहिनीला इजा होऊन लघवी सतत बाहेर झिरपायची. सिमोननी आधी कुत्र्यांवर प्रयोग केले. एक मूत्रपिंड काढूनही कुत्री जगतात हे पाहिलं आणि २ ऑगस्टला तिचं एक मूत्रपिंड काढलं. बाई वाचली. म्हणजे गंमत बघा, किडनीच्या कॅन्सरवरचं आजचं मुख्य ऑपरेशन पहिल्यांदा ठरवून झालं ते कॅन्सरसाठी नव्हतंच!

गाठ किडनीपुरती असेल तर ऑपरेशन पुरतं. पण ती फुप्फुसात, हाडांत पसरली की काय? नेहमीची केमोथेरपी इथे फारशी चालत नाही. १९९२ मध्ये अमेरिकेत इंटरल्यूकिन-२ ला मान्यता मिळाली. त्याने मोजक्या रुग्णांचा रोग पूर्ण गेला, पण दुष्परिणाम भयंकर होते.

खरा धागा सापडला तो एका दुर्मिळ आनुवंशिक आजारात. व्हॉन हिपेल-लिंडाऊ आजार असलेल्या घरांत पिढ्यान् पिढ्या डोळ्यांत, मेंदूत आणि किडनीत गाठी होतात. अशा कुटुंबांचा अभ्यास करत करत १९९३ मध्ये शास्त्रज्ञ व्हीएचएल जनुकापर्यंत पोचले. पुढे कळलं की आनुवंशिक नसलेल्या नेहमीच्या किडनी कॅन्सरमध्येही बहुतेक वेळा हेच जनुक बिघडलेलं असतं.

ते करतं काय? पेशीला ऑक्सिजन कमी पडला की एचआयएफ नावाचं प्रथिन 'नवीन रक्तवाहिन्या बांधा' असा हुकूम सोडतं. ऑक्सिजन पुरेसा असला की व्हीएचएल त्या एचआयएफची विल्हेवाट लावतं. व्हीएचएलच नसेल तर पेशीला वाटतं, आपण कायम गुदमरतोय! मग गाठीभोवती रक्तवाहिन्यांचं जाळं वाढतच जातं. पेशी ऑक्सिजन कसा ओळखते याच्या शोधासाठी केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चं नोबेल मिळालं.

एकदा यंत्रणा कळल्यावर औषधं आली. २००५ मध्ये सोराफेनिब आणि २००६ मध्ये सुनिटिनिब, दोन्ही रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारी. २०१५ मध्ये प्रतिकारशक्तीचा ब्रेक सोडवणारं निवोलुमॅब. २०२१ मध्ये थेट एचआयएफलाच अडवणारं बेलझुटिफान, आणि त्याला पहिली मान्यता मिळाली ती व्हॉन हिपेल-लिंडाऊच्याच रुग्णांसाठी.

पसरलेला कॅन्सर या औषधांनी बहुतेकांचा पूर्ण बरा होत नाही. पेशी पळवाटा शोधतात, आणि आजचं बरंचसं संशोधन त्या पळवाटांवरच चालू आहे. पण "दुर्मिळ आजारावर कशाला एवढा खर्च?" असं कुणी विचारलं, तर ही गोष्ट सांगा. त्या थोड्या घरांनी संशोधनासाठी रक्त दिलं, म्हणून बाकीच्यांना औषध मिळालं. आणि २८ वर्षांनी ते त्यांच्याही दारात पोचलं.