समोसा मुळात कुणाचा?



चतुर्दशीला मूगडाळीचे समोसे करत होते. लेक म्हणाली, "आई, बटाटा नाही म्हणजे हा नकलीच ना?" मी ठसक्यात सांगितलं, "अगं, बटाटाच उपरा! पोर्तुगीजांबरोबर आला, नावही त्यांच्याकडचंच. समोसा त्याच्या आधीचा."

हे खरंच आहे. पण पुढचं वाचलं आणि जीभ चावली. इब्न बतूता चौदाव्या शतकात दिल्लीला मुहम्मद तुघलकाच्या दरबारी होता. तिथल्या समोशाचं वर्णन त्यानं लिहून ठेवलंय: पातळ पोळीत खिमा, बदाम, पिस्ते, अक्रोड, कांदा, मसाले, आणि तुपात तळलेला. नावही मूळचं फारसी. म्हणजे ज्याच्या जुनेपणाचा मी तोरा मिरवला, तो आपल्या उंबऱ्याच्या आतही येऊ शकला नसता!

लेकीला तसं सांगून टाकलं. आपल्या बायकांनी पारी तेवढी घेतली, सारण आपलं घातलं. एरवी कच्ची केळी-मटार. तिथीला हिरवं चालत नाही म्हणून मूगडाळ. डाळ दोन तास भिजवून जाडसर वाटायची, तुपावर अगदी मोकळी होईपर्यंत परतायची. ओलसर राहिली की समोसा कढईत फुटलाच. धणे, बडीशेप, आमचूर, आल्याऐवजी सुंठ. मैद्यात मोहन मूठ वळेल इतकं, आणि आच मंद, नाहीतर पारीला फोड येतात.

"मग हा नकली नाही, सुधारलेला," लेक म्हणाली.

"आधी खाऊन घे, सूर्य मावळतोय."