उंबांदा : एका नावाच्या दोन व्युत्पत्ती

ऑक्टोबर १९४१ मध्ये रिओ द जानेरो येथे उंबांदापंथीयांची पहिली परिषद भरली. ‘उंबांदा’ हा शब्द संस्कृत ‘ओम्’ व ‘बंध’ यांवरून आला असून पंथाचे मूळ प्राचीन भारतात आहे, असे तीत गंभीरपणे मांडले गेले. आपल्याकडील वाचकाला याचे हसू येईल. अंगोलातील किंबुंदू भाषेत हा शब्द उपचार व मंत्रविद्या या अर्थाने रूढ असल्याची नोंद हेली शातलँ यांनी १८९४ मध्येच केली होती. ती विद्या जाणणारा तो ‘किंबांदा’. मग भारताची वाट का धरावी लागली?

उंबांदात आफ्रिकी ओरिशा दैवते कॅथलिक संतांच्या रूपाने पुजली जातात. ओगुम म्हणजे संत जॉर्ज. त्यावर फ्रेंच लेखक आलाँ कार्देक यांच्या आत्मवादाचा संस्कार आहे. माध्यमाच्या अंगात येणारे आत्मे मात्र बहुधा ब्राझीलच्या आदिवासींचे व वृद्ध गुलामांचे. १८९० च्या दंडसंहितेने आत्मवाद व जादूटोण्याचा प्रयोग गुन्हा ठरवला होता, आणि व्हार्गास यांच्या हुकूमशाहीत (१९३७-४५) पोलिसांचे छापे पडत होते. अशा वेळी ‘आफ्रिकी’ म्हणवून घेणे धोक्याचे. ‘वैदिक’ हे प्रतिष्ठेचे होते. व्युत्पत्ती येथे संरक्षणासाठी रचली गेली, असे माझे मत आहे.

संस्थापनेची कथाही तशीच तपासावी लागते. १५ नोव्हेंबर १९०८ रोजी नितेरॉय येथे झेलिओ दे मोराइस या सतरा वर्षांच्या मुलाच्या अंगात आलेल्या आदिवासी आत्म्याने नव्या धर्माची घोषणा केली, अशी परंपरा सांगते. डायना ब्राउन यांनी पंथाची उभारणी १९२० च्या दशकातील रिओच्या मध्यमवर्गाशी जोडली. एमरसन जुम्बेली यांनी २००२ मध्ये दाखवले, की झेलिओंना संस्थापकाचे स्थान बऱ्याच उशिरा मिळाले. तरीही २०१२ च्या कायद्याने १५ नोव्हेंबर हाच राष्ट्रीय उंबांदा दिन ठरला.

रेनातो ओर्तिस यांच्या १९७८ च्या ग्रंथाच्या शीर्षकाचा अर्थ ‘कृष्णवर्णी मांत्रिकाचे श्वेत मरण’ असा होतो. आफ्रिकी अंश धुऊन काढून पंथ शहरी वर्गसमाजात सामावला, हे त्यांचे म्हणणे. ‘संमिश्र धर्म’ म्हणून थांबणाऱ्या आपल्या पाठ्यपुस्तकांपेक्षा ही मांडणी खोल आहे, कारण मिश्रण कोणी केले आणि त्यातून काय वगळले, हे ती विचारते. पण ती एकांगीही आहे. १९५० नंतर तांक्रेदो दा सिल्वा पिंतो यांनी आफ्रिकी वळणाच्या उंबांदाचा उघड पुरस्कार केला आणि गरीब वस्त्यांतून त्यांना अनुयायी मिळाले. तेथे मांत्रिक मेला नव्हता.

उंबांदा व कांदोंब्ले यांच्या पूजास्थानांतून पोलिसांनी जप्त केलेले ढोल व मूर्ती १९३८ मध्ये ‘काळ्या जादूचे संग्रहालय’ या नावाने राष्ट्रीय वारशात नोंदल्या गेल्या. पोलिसांच्या ताब्यातून त्या रिओच्या प्रजासत्ताक संग्रहालयात आल्या २०२० मध्ये.